पडून राहिलेल्या गाड्यांचा भाव

प्रश्न : मी जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करतो. आवारात 10 गाड्या मावतात. त्यांपैकी 3 गाड्या 90 दिवसांपासून पडून आहेत. खरेदीपेक्षा कमी भावात विकायला मन धजत नाही. काय करावे?

उत्तर : तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी गिऱ्हाइकाला देणेघेणे नसते, ते तशाच इतर गाड्यांचे आजचे भाव पाहून आलेले असते. उभी गाडी फुकट उभी नसते. भांडवलावरचे व्याज चालू असते, जागा अडते, बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकतीवर गंज चढतो. आणि गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या गाडीला वायर जोडून इंजिन सुरू करावे लागले, की घासाघीस तिथेच सुरू होते.

गुंतवलेल्या 100 वर 90 दिवसांनी 12 सुटले, तर वर्षाला चार फेऱ्यांत 48 होतात. 30 दिवसांत 6 सुटले, तर बारा फेऱ्यांत 72. अर्थात दरमहा तितकीच चांगली गाडी हाती लागली पाहिजे, आणि खरी मेहनत तिथेच आहे. म्हणून खरेदी करतानाच अपेक्षित विक्रीभावातून दुरुस्ती, कागदपत्रे, व्याज आणि नफा वजा करून उरेल तेवढ्यालाच गाडी घ्यावी.

त्या तिन्ही गाड्या धुऊन, बॅटरी भरून, आजच्या भावाला लावा. दोन आठवड्यांत हलल्या नाहीत, तर तोटा सोसून दुसऱ्या व्यापाऱ्याला द्या आणि मोकळे झालेले पैसे लवकर खपणाऱ्या गाडीत घाला.