नऊनंतर डायरेक्ट सोळा!

प्रश्न: सर, मी सातपूरला राहतो. मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यांच्या ड्रिपच्या व्हॉल्व्हसाठी लिनक्स बोर्डवर टायमर बनवतोय. घड्याळाला डीएस१३०७ या टाइम ठेवणाऱ्या चिपचं मॉड्यूल लावलंय, त्यात टाइम आर्डुइनोवरून आधीच सेट केला होता आणि शिकायचं म्हणून ड्रायव्हर (चिपमधून टाइम वाचणारा प्रोग्रॅम) स्वतःच लिहिला. आता ८:०९ पर्यंत सगळं बरोबर येतं, पुढच्या मिनिटाला एकदम ८:१६, आणि मिनिट संपत आलं की टाइमच येत नाही, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. सेल बदलला, एम.जी. रोडवरून दुसरं मॉड्यूल आणलं, तरी तेच. क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा भाग) खराब असेल का?

उत्तर: नाही हो, क्रिस्टल बिघडला तर घड्याळ मागेपुढे होईल नाहीतर बंद पडेल, दरवेळी नेमकी नऊनंतरच उडी कशाला मारेल? दुसऱ्या मॉड्यूलचे पैसे उगाच गेले.

ही चिप आकडे बीसीडीत ठेवते, म्हणजे एका बाइटमधे दशकाचे ४ बिट वेगळे आणि एककाचे ४ वेगळे. ९ पर्यंत बीसीडी आणि साधं बायनरी सारखंच दिसतं, पण १० मिनिटं म्हणजे चिपमधे हेक्स (सोळाच्या पायावरचं) १०, ते तुम्ही तसंच उचललं की झाले १६. ४० सेकंदांचे होतात ६४, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) ५९ च्या वर सेकंद घेतच नाही म्हणून प्रत्येक मिनिटाचे शेवटचे २० सेकंद एरर. तसंच तासाची शेवटची २० मिनिटं, संध्याकाळी ६ ते मध्यरात्र (१८ चे २४ होतात ना), २० तारखेपासून महिनाअखेर, आणि ऑक्टोबर लागला की थेट डिसेंबर संपेपर्यंत घड्याळ ठप्प! ऐन ऑक्टोबर छाटणीत हे झालं असतं तर मामांनी काय ऐकवलं असतं बघा.

उपाय दोन ओळींचा आहे, वाचताना प्रत्येक आकडा कर्नलच्या बीसीडीटूबिन फंक्शनमधून काढा. फक्त त्याआधी सेकंदाचा सगळ्यात वरचा बिट मास्क करा, म्हणजे शून्य करून टाका, तो आकड्याचा नाहीये, घड्याळ थांबवायचा आहे. महिन्यातून १ वजा करा, वर्षात १०० मिळवा, कारण कर्नल महिने ० पासून आणि वर्षं १९०० पासून मोजतो. आणि सातही रजिस्टर (चिपमधले सेकंदापासून वर्षापर्यंतचे कप्पे) एका दमात वाचा, एकेक वाचत बसलात तर ८:५९ चं ९:०० होताना मधेच सापडाल.

आता सेट टाइम फंक्शन. तिथे उलटं, साध्या आकड्याचं बीसीडी करणारं बिनटूबीसीडी लागतं, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे विसरलात तर सेट केल्याकेल्या वाचलेला टाइम अगदी बरोबर दिसतो, दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय. म्हणून सेट करून लगेच खूश होऊ नका, ३१ डिसेंबर २३:५९:३५ सेट करा आणि पुढचा अर्धा मिनिट दर सेकंदाला वाचत बसा. एक जानेवारी नीट उजाडला तरच बोर्ड बागेत न्या, तोवर व्हॉल्व्ह हातानेच उघडा.