जाळी युद्धातली, मग फाळका कुठला?

प्रश्न : काका, नमस्कार. शेजारच्या गावातल्या एका जुन्या वाड्यातली उघडी जीप विकायला आहे. मालक सांगतो, "1943 ची विलीज हाये, मिलिटरीची. आजोबानं लिलावात घेतली होती." स्टिअरिंग डावीकडे, कापडी टप, पुढच्या जाळीला नऊ फटी, डॅशबोर्डवर विलीजची पाटी. आरसी बुकात मात्र वर्ष 1968 आणि नंबर एमएच 29 चा. सात लाख सांगतो, 50 हजार इसार आठवड्यात दे म्हणतो. लहानपणापासून मला ही गाडी हवी होती. लग्नसराईत वरातीला भाड्यानेही देता येईल. चार फोटो पाठवतो आहे. गाडी खरी आहे का?
— एक कास्तकार वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, चारही फोटो पाहिले, पण जास्त वेळ पाहिला तो मागून काढलेला. त्यात तुमचा मुलगा फाळक्यावर पाय सोडून बसला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असा मागे उघडणारा फाळका नव्हताच. मागे सलग पत्रा आणि त्यावर स्टेपनी. तो आला 1945 नंतरच्या सीजे, म्हणजे साध्या नागरी वापराच्या जीपला, आणि तिची स्टेपनी गेली बाजूला. तुमच्या फोटोत स्टेपनी उजव्या बाजूलाच आहे.

पुढचा फोटो मात्र वेगळंच सांगतो. नऊ फटींची जाळी, हेडलाइट लहान आणि जाळीच्या मागे दबलेले. हे एमबीचं, म्हणजे विलीजच्या युद्धातल्या मॉडेलचं तोंड आहे. सीजेला सात फटी आणि दिवे मोठे, बाहेर आलेले. म्हणजे तोंड एका गाडीचं, पाठ दुसरीची.

यावरून मालक खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण मी स्वतः आहे. पांढरकवड्याला माझं गॅरेज होतं. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात लोक जीपमध्ये कापसाची गाठोडी भरून केंद्रावर न्यायचे. भरायला सोपं जावं म्हणून दोन अस्सल विलीजचे मागचे पत्रे मी याच हातांनी कापले आणि बिजागऱ्या लावून फाळके केले. तेव्हा ती कामाची गाडी होती, जपायची वस्तू नव्हती. आज त्या पत्र्यांची आठवण आली की वाईट वाटतं. तुमची जीप तशी कापलेली असेल तर ती अस्सलच आहे, फक्त जखमी आहे. पण महिंद्राच्या बॉडीला जुनी जाळी बसवली असेल तर सात लाख कशाचे?

हे ओळखायला सीट उचला. एमबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि पेट्रोलही सीट उचलूनच भरावं लागतं. सीजेला टाकीचं तोंड बाहेर बॉडीवर आहे. मग मागच्या चाकांवरचे कोपरे पाहा. एमबीला तिथे झाकणाची हत्यारपेटी असते. डाव्या बाजूच्या पत्र्यावर फावडं-कुऱ्हाड अडकवायची जागा दिसली पाहिजे. फाळक्याच्या कडेला आतून हात फिरवा. हाताने कापलेली कड सरळ नसते, वेल्डिंगचे गोळे बोटाला लागतात. तशी कड सापडली तर मला आनंदच होईल. मात्र बॉडी पूर्ण गुळगुळीत, सगळीकडे एकाच जाडीची लागली तर ती नवी बनवलेली असू शकते. हरियाणातल्या डबवालीला अशा जीप नव्याने बांधून मिळतात.

बॉनेट उघडा. एमबीचं इंजिन 2199 सीसीचं, चपट्या हेडचं. प्लग वरून उभे दिसतात, वर व्हॉल्व्हचं झाकण नसतं. झाकण असेल तर ते नंतरचं हरिकेन इंजिन. ते उंच असल्यामुळेच सीजे-3बीचं बॉनेट उंच करावं लागलं, आणि आपल्याकडच्या महिंद्रा जीपचं ते उंच कपाळ तिथूनच आलं. इंजिन बदललेलं असलं तरी घाबरू नका, डिझेलसाठी इथे सर्रास बदलली गेली. फक्त किंमत त्या हिशेबाने करा. डावीकडचं स्टिअरिंग पुराव्यात धरू नका, जुन्या महिंद्राही लेफ्ट हँडच होत्या. डॅशवरची पाटीही धरू नका. ती आजही नवी करून मिळते.

आता खरी जागा. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन सकाळी जा, उजेड असताना. डाव्या चासीच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, विलीजची नंबरपाटी रिव्हेट केलेली असायची: एमबी आणि पुढे सहा आकडे. पाटी नसली तर रिव्हेटची भोकं तरी असावीत. हीच जीप फोर्डनेही बनवली, तिला जीपीडब्ल्यू म्हणत. तिचा नंबर डाव्या चासीच्या वरच्या अंगावर थेट पंच केलेला असतो आणि बोल्टच्या डोक्यांवर इंग्रजी एफ असतो. रेडिएटरखालची आडवी दांडीही पाहा. विलीजला गोल पाइप, फोर्डला उलटी पन्हाळ. नंबरभोवती ग्राइंडर फिरल्यासारखी चमक किंवा खोलगट जागा दिसली तर चहा न पिता परत या.

नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा बुकातल्या चासी नंबराशी जुळवा. 1968 या वर्षाचं मला एवढं भय वाटत नाही. लिलावातल्या गाडीची नोंद उशिरा झाली असेल आणि कारकुनाने तेच वर्ष लिहिलं असेल. एमएच नंबर तर 1989 च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे त्याआधीचा एक नंबर असलाच पाहिजे. तो मागा आणि यवतमाळच्या आरटीओत जुनी नोंद पाहा. ठसा आणि बुक जुळलं नाही तर गाडी कितीही देखणी असो, सोडा. अशी गाडी उद्या पोलीस ठाण्यात उभी राहते.

वरातीचं वेगळं सांगतो, कारण तिथे तुमची फसगत होईल. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला आणि भाड्याला मनाई आहे. शिवाय कापलेला फाळका आणि बदललेलं इंजिन घेऊन ती नोंदणी अवघडच. म्हणून भाड्याचं उत्पन्न धरून सात लाखांचा हिशेब करू नका. हौसेसाठी घेत असाल तर घ्या, ती हौस मला पुरेपूर समजते.

आठवड्याची घाई मालकाची आहे, तुमची नाही. पेन्सिलचा ठसा, सीटखालचा फोटो आणि फाळक्याच्या आतल्या कडेचा फोटो पाठवा. ते पाहून माझं मत कळवतो. तोवर 50 हजार घरातच राहू द्या.