अळ्यांची डबी आणि सहावीचे गणित

मॅडम, आपल्या वर्गातील सहावीचा मुलगा वाचन टाळतो, वावरातल्या अळ्या मात्र डबीत भरून आणतो, आणि मुख्याध्यापकांनी ती डबी बंद करायला सांगितली आहे, हे वाचून यवतमाळ जिल्ह्यातील माझी शाळा आठवली. डबी बंद करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, तेव्हा आमची मुले डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमललेली फुले, आणून उकलू लागली. आतली अळी पांढुरकी निघाली, मग तिला गुलाबी का म्हणतात, या एका प्रश्नापायी पुस्तक न उघडणारा मुलगा कृषी विभागाचे माहितीपत्रक अक्षर लावून वाचू लागला. शतमानासाठी मला निराळे उदाहरण शोधावे लागले नाही, कारण २० हिरव्या बोंडांपैकी २ किडकी निघाली की १० टक्के होतात आणि तीच आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीवर उपाय करण्याची वेळ आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडणे हा दुसरा निकष. त्या नोंदींवरून स्तंभालेखही झाले.

या कामाचे सर्वांत मोठे नुकसान केले ते एका कार्यालयाने, ज्याचे नाव मी घेत नाही. नियमित तासिकेत हे काम करायचे असेल तर लेखी परवानगी घ्या, असे तपासणीत सांगण्यात आले. अर्ज दिल्यावर एका टेबलावर हा विषय आमचा नाही, तर दुसऱ्यावर वरून पत्र नाही असे उत्तर मिळाले, आणि नकारही कोणी कागदावर दिला नाही. तोवर वेचणी आटोपून वावरात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या आणि पुढच्या हंगामाआधी काही मुले दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. मुलाचा प्रश्न आणि पीक, दोन्ही फायलीसाठी थांबत नाहीत, याची मला आजही चीड येते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती व शोधातून, बालककेंद्री पद्धतीने शिकणे अपेक्षितच आहे. म्हणून डबीचे काम आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात उपक्रम किंवा प्रकल्प म्हणून नोंदवा, शेजारी संबंधित अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवे ते) लिहा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आपल्याकडे त्यांतले बरेच कापूस पिकवतात. परिपत्रके बदलतात, म्हणून सध्याचे केंद्रप्रमुखांकडून पाहून घ्यावे. आवड शनिवारच्या एखाद्या तासापुरती ठेवणे मला मान्य नाही. तरीही सगळे विषय एकाच आवडीतून शिकवता येतात असा माझा दावा नाही, आणि मुलगा वाचनात मागे असेल तर वाचनाचा रोजचा सराव वेगळा घ्यावाच लागेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. त्याच २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, त्यामुळे मुलांना फवारलेल्या वावरात नेऊ नका. फवारणी कधी झाली हे पालकांना विचारल्याशिवाय बोंडे वर्गात घेऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुऊन घ्या.