सलूनमध्ये फेड कट करून घेताना नेमके काय सांगावे?
फेड कटमध्ये बाजूचे व मागचे केस खाली अगदी बारीक आणि वर जाताना हळूहळू लांब ठेवतात. केवळ ‘बाजूने बारीक करा’ एवढेच म्हटले, तर कारागीर आपल्या अंदाजाने मशीन चालवतो. म्हणून मशीनला लावायच्या गार्डचा, म्हणजे केसांची लांबी ठरवणाऱ्या कंगव्यासारख्या जोडाचा, क्रमांक सांगावा. बहुतेक मशीनांवर १ क्रमांकाचा गार्ड सुमारे ३ मिलिमीटर, २ क्रमांकाचा ६ आणि ४ क्रमांकाचा सुमारे १३ मिलिमीटर केस ठेवतो. खात्री नसेल, तर मोठ्या क्रमांकापासून सुरुवात करण्याची विनंती करावी. फेड किती उंच न्यायचा हेही स्पष्ट करावे: लो फेड कानाच्या जरा वर संपतो, मिड फेड कानशिलापर्यंत चढतो आणि हाय फेड त्याच्याही वर जातो. रोज कार्यालयात जाणाऱ्यांनी, माझ्या मते, लो फेडच निवडावा, कारण केस वाढू लागल्यावरही तो बेढब दिसत नाही. वरच्या केसांची लांबी बोटांनी दाखवावी आणि ते कात्रीनेच कापावेत असे आवर्जून सांगावे. कुरळे केस वाळल्यावर आखडतात, त्यामुळे ओले असताना ते थोडे लांबच ठेवून घ्यावेत. छायाचित्र दाखवायचे असल्यास ते आपल्यासारख्याच केसांचे, समोरून व बाजूने काढलेले असावे. मानेवरची कड गोल हवी, चौकोनी हवी की हळूहळू विरत गेलेली, हे मशीन सुरू होण्यापूर्वीच सांगावे.