मोटाउन की स्टॅक्स?

प्रश्न : सोल संगीताबद्दल वाचताना मोटाउन आणि स्टॅक्स ही नावं सारखी येतात. काळ एकच, दोन्हीकडे बहुतेक गायक कृष्णवर्णीय. मग फरक ओळखायचा कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर : सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत, आणि मोटाउन, स्टॅक्स या त्याच्या दोन रेकॉर्ड कंपन्या. घराणी वेगळी, एवढंच समजा! मोटाउन डेट्रॉइटचं. बेरी गॉर्डींनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ते सुरू केलं. व्हायोलिनं, डफली, कोरस. सगळं घासूनपुसून लख्ख.

स्टॅक्स मेम्फिसचं. जुन्या सिनेमागृहातला स्टुडिओ. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. आवाज रांगडा, ट्रम्पेट-सॅक्सोफोन ठसठशीत. वर्णभेदाच्या त्या काळात, त्या शहरात, इथल्या वादकांत गोरे-काळे शेजारी बसत. मला तर याचंच जास्त अप्रूप वाटतं.

आता गायक विल्सन पिकेटचं, स्टॅक्सच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं १९६५ चं ‘इन द मिडनाइट अवर’ लावा आणि फक्त ड्रम ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका किंचित मागे रेंगाळतो. निर्माते जेरी वेक्सलर स्टुडिओत चक्क नाचून दाखवायला लागले, ‘ठोका असा हवा’ म्हणून. ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारवाले स्टीव्ह क्रॉपर यांनी तो नेमका पकडला. लगेच मोटाउनच्या सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं एखादं गाणं लावा, फरक कानालाच कळेल.

स्टॅक्सचं १९७५ मध्ये दिवाळं निघालं, पुढे इमारतही पाडली. २००३ पासून त्याच जागी संग्रहालय आहे. हिप-हॉपवाले मात्र त्या रेकॉर्डींचे तुकडे आपल्या गाण्यांसाठी अजून उचलतात. माझं विचाराल तर मी स्टॅक्सवाला!