पाण्यासारखं दूध आणि नारळाचा रस

"माझं दूध पातळ आहे, म्हणून बाळाचं वजन वाढत नाही का?" आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो, म्हणून मालवणकडची एक केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

सव्वा महिन्याचा मुलगा, दोन आठवड्यांत जेमतेम 200 ग्रॅम वाढलेला. या वयात दिवसाला साधारण 25-30 ग्रॅम वाढ धरतात, त्यामुळे काळजी खोटी नव्हती. आई रडवेली, आणि सोबत सासूबाई, "बाय, हिचा दूध पाण्यासारख्या आसा, नातवाचा पोट कसा भरतला?" म्हशीचं दूध पाणी घालून द्यायचं घरात ठरलंच होतं.

डॉक्टरांनी बाळ तपासलं, आजार काही नव्हता. मग तिला माझ्यासमोर पाजायला बसवलं तर काय, पाच मिनिटं झाली की मोबाईलमध्ये वेळ बघून बाजू बदलायची, कुणीतरी सांगितलेलं की दोन्हीकडे सारखं पाजायचं. घोळ इथेच होता. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं, सुरुवातीचं दूध निळसर पातळ दिसतं आणि स्तन रिकामा होत जाईल तसं फॅट वाढत जातं, ते मिळायच्या आतच हा पोरगा दुसरीकडे.

सासूबाईंना म्हटलं, काकी, सोलकढीला नारळाचा पहिला रस दाट निघतो ना आणि मग पातळ, इथे उलटं, पातळ आधी न् दाट मागून, आणि तुम्ही दाट यायच्या आधीच चोथा टाकताय. ते त्यांना लगेच कळलं. म्हशीचं दूध का नको तेही सांगितलं, त्यात प्रोटीन आईच्या दुधाच्या तिपटीहून जास्त, एवढ्याशा किडन्यांवर ताण येतो, शिवाय वरचं सुरू केलं की बाळ कमी ओढतं आणि आईचं दूध खरंच कमी होतं.

आणखी एक, तिचे मासे बंद केलेले, बाधतात म्हणून! मला याचं फार वाईट वाटतं, दारात समुद्र आणि बाळंतिणीला नुसती पेज. आईच्या जेवणाने दुधातलं एकूण फॅट फारसं बदलत नाही पण त्याचा प्रकार बदलतो, तारली-बांगड्यातलं डीएचए, म्हणजे एक प्रकारचं ओमेगा-3 फॅट, दुधात उतरतं, ते बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतं.

एक बाजू त्याने स्वतःहून सोडेपर्यंत पाजायचं, मग दुसरी, एवढंच ठरवलं. दिवसात सहापेक्षा कमी वेळा शू झाली तर लगेच या, हेही बजावलं.

दोन आठवड्यांनी काट्यावर 410 ग्रॅम वाढ. सासूबाई म्हणाल्या, सकाळीच बांगड्याचं तिखलं करून वाढलंय हिला.