फ्युनिक्युलर, फिसेल आणि आपला 'रज्जुमार्ग'

विचारणा अशी आहे: फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणायचा आहे. त्यात टेकडीवर चढणाऱ्या 'फ्युनिक्युलर' रेल्वेचा उल्लेख वारंवार येतो आणि तिथली माणसं त्याच गाडीला 'फिसेल' म्हणतात. पहिल्या शब्दाला 'रज्जुमार्ग' किंवा 'रोपवे' चालेल का, आणि दुसऱ्याचं काय करावं?

'रोपवे' नक्कीच नको. रोपवे म्हटलं की मराठी वाचकाला रायगडचा पाळणा दिसतो, खाली दरी आणि वर तार. फ्युनिक्युलर जमीन सोडत नाही. ती रुळांवरूनच चालते, फक्त तिला ओढणारं इंजिन गाडीत नसून चढाच्या माथ्यावर असतं. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात. विहिरीच्या कप्पीवरून सोडलेल्या दोन घागरींसारखे, एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. उतरणाऱ्या डब्याचं वजन चढणाऱ्याला उचलायला मदत करतं, त्यामुळे यंत्राला फक्त दोन्ही भारांतला फरक आणि घर्षण एवढंच पेलावं लागतं. या जोडीमुळेच ती फ्युनिक्युलर ठरते. नुसता दोर असून भागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावरची केबल कारही दोरावरच चालते, पण तिथे दोर जमिनीखाली अखंड फिरत असतो आणि गाडी तो हवा तेव्हा पकडते, हवा तेव्हा सोडते. ती फ्युनिक्युलर नव्हे.

'रज्जुमार्ग' हा शब्द मात्र व्युत्पत्तीने अगदी नेमका बसतो. लॅटिनमध्ये 'फूनिस' म्हणजे दोर आणि 'फूनिकुलुस' म्हणजे लहान दोर. आपण गाडा-गाडी, सुरा-सुरी असं करतो त्याच चालीवर दोराची दोरी झाली आहे. अडचण एवढीच की सरकारी कागदांपासून वर्तमानपत्रांपर्यंत 'रज्जुमार्ग' हवेतल्या पाळण्यांसाठी रुळून गेला आहे. वापरात पक्का झालेला अर्थ व्युत्पत्ती दाखवून मागे घेता येत नाही.

आपल्याकडे ही वस्तू आहे का, हेही पाहायला हवं. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ती आहे, पायऱ्या चढणं न झेपणाऱ्या भाविकांसाठी. तिथे 'फ्युनिक्युलर ट्रॉली' किंवा नुसतं 'ट्रॉली' म्हणतात. शब्द तोंडात बसला आहे, आणि गडाविषयी लिहायचं असेल तर मी तोच वापरेन. ल्योंसाठी मला तो तोकडा वाटतो, कारण तिथे ही शहराची रोजची रेल्वे होती.

हे 'रोजची' अनुवादात उतरायला हवं, म्हणून थोडा इतिहास. क्र्वा-रूस ही ल्योंमधली रेशीम विणकरांची टेकडी. जाकारचे, म्हणजे नक्षीदार कापड विणणारे, उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छतंही उंच बांधलेली. माग वर आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या खाली, त्यामुळे माणसांची नि मालाची चढ-उतार सतत चालायची. १८५२ मध्ये ही टेकडी ल्यों शहरात सामील झाली आणि १८६२ मध्ये रू तेर्म या रस्त्यापासून वरच्या पठारापर्यंत दोराची रेल्वे सुरू झाली. अर्ध्या किलोमीटरहून किंचित कमी लांबी, साधारण ७० मीटरचा चढ, आणि ओढायला वर बसवलेलं वाफेचं इंजिन. शहरातल्या प्रवाशांसाठी बांधलेली जगातली ही पहिली फ्युनिक्युलर मानली जाते. बुडापेस्टची १८७० ची आणि इस्तंबूलची १८७५ ची या तिच्या धाकट्या बहिणी. पुढे क्र्वा-रूसवरच १८९१ मध्ये दुसरी झाली. पलीकडच्या फूर्विएर टेकडीच्या बाजूला १८७८ मध्ये सँ-झ्युस्तची आणि १९०० मध्ये थेट बॅसिलिकाच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, दारापर्यंत नेणारी, अशा आणखी दोन आल्या. क्र्वा-रूसचं भुयार खणताना एक प्रचंड शिळा लागली. हिमयुगात हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेली ही शिळा आज 'ग्रो कायू', म्हणजे मोठा धोंडा, या नावाने पठाराच्या कडेला मांडून ठेवली आहे आणि त्या वस्तीची ओळख बनली आहे.

आता 'फिसेल'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ सुतळी, पुडकं बांधायची असते ती. पंडितांनी लॅटिनमधून दोरी आणली, तर रोज वरखाली करणाऱ्यांनी तीच दोरी घरातल्या शब्दाने ओळखली. म्हणून इथे भारदस्त प्रतिशब्द शोधू नका. पहिल्यांदा 'फिसेल, म्हणजे सुतळी' असं एकदा लिहा आणि पुढे संवादात बेधडक 'सुतळीने वर जाऊ' म्हणा. मराठी कानाला ते खटकणार नाही. 'फिसेल'च सगळीकडे ठेवलं तर तो परका शब्द भारी वाटेल, आणि मुळात तो भारी नाही.

'फ्युनिक्युलर'साठी माझा कौल 'दोरगाडी'ला आहे. शब्द नवा आहे, त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'फ्युनिक्युलर रेल्वे, म्हणजेच दोरगाडी' अशी जोड द्यावी लागेल. 'गाडी चुकली' म्हणताना आपल्या मनात रेल्वेच असते, त्यामुळे रूळ आपोआप आले, आणि दोर तर शब्दातच आहे. शिवाय 'दोरगाडीत बसलो', 'शेवटची दोरगाडी गेली' असं सहज बोलता येतं. 'रज्जुमार्गात बसलो' म्हणवत नाही, कारण मार्गात कुणी बसत नाही.

एक ठिकाण मात्र तपासून घ्या. रू तेर्मची गाडी १९६७ मध्ये बंद झाली आणि तिच्या भुयारातून मोटाररस्ता काढला गेला. १८९१ ची दुसरी गाडी १९७४ मध्ये दोर काढून दातेरी रुळावर आणली आणि १९७८ पासून ती मेट्रोच्या सी मार्गाचा भाग आहे. रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवत चढणारी, आपल्या निलगिरी रेल्वेच्या जातीची. तेव्हा तुमच्या लेखात १९७४ नंतरचा क्र्वा-रूसचा प्रवास असेल, तर तिथे 'दातेरी रेल्वे' लिहा, दोरगाडी नको. फूर्विएर आणि सँ-झ्युस्तच्या दोन्ही गाड्या आजही दोरावरच चालतात.